फरशीवर आखलेली गाडी

जरा पाय उचलता का? उजवा. हां, आता बरं वाटलं. तुमची चूक नाही म्हणा, माझ्यावर सगळेच उभे राहतात. मी चिकटपट्टी बोलतेय. इथून, खालून, हॉलच्या फरशीवरून.

खोकी बंद करणारी ती चकचकीत, पारदर्शक पट्टी वेगळी. तिचा तोराच निराळा. ती एकदा चिकटली की खोक्याचं कातडं घेऊनच निघते. मी कागदी, पिवळट, रंगारी वापरतात ती. दुकानात मला मास्किंग टेप म्हणतात. चिकटायचं, पण कुठे खूण राहील इतकं चिकटायचं नाही, एवढंच माझं शिक्षण. हा गुण म्हणायचा की अवगुण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्यात आत्मविश्वास जरा बेताचाच असतो.

कारखान्यात मी एका भल्याथोरल्या कागदाचा भाग होते. त्याला एका बाजूने गोंद फासला, सुकवला, गुंडाळला आणि मग पात्याखाली घालून आम्हां बहिणींच्या चकत्या पाडल्या. कोण कुठे गेली कुणास ठाऊक. मला एका रंगाऱ्याने घेतलं आणि या घरात आणलं. तेव्हा घरात बाळ यायचं होतं आणि त्याच्या खोलीला फिका हिरवा रंग द्यायचा होता. रंगाऱ्याने खिडक्यांच्या चौकटींना मला लावलं, भिंती रंगवल्या, मग मला ओढून काढलं आणि गोळा करून कचऱ्यात टाकलं. उरलेली मी खिडकीतच राहिले. बाळाच्या आईने मला उचललं, "असू दे, लागेल कधीतरी," म्हणाली आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्यात खालच्या खणात टाकलं.

त्या खणात 'लागेल कधीतरी' वाल्यांचीच वस्ती. संपलेले सेल, कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच न आठवणाऱ्या किल्ल्या, एका हाताचा रबरी मोजा. काही काम नसलं तरी करमणूक भरपूर. माणसं महत्त्वाचं सगळं स्वयंपाकघरात बोलतात, तेही उभ्याउभ्या. खणात पडून मी सगळं घर ओळखायला शिकले.

घरात चौघं. बाबा म्हणजे घरातला उत्साह. आई म्हणजे घरातली काळजी. त्यांची मुलगी भुंगी, जागी असेपर्यंत गुणगुणतच असते म्हणून भुंगी. आणि आजी, म्हणजे बाबाची आई. भुंगी झाल्यापासून तिला सगळेच आजी म्हणतात, तिचा स्वतःचा मुलगासुद्धा. तिला ते फारसं आवडत नाही, पण ती हाकेला ओ देते.

बाबाच्या डोक्यात एक बेत किती दिवस शिजत होता. दूरच्या एका देशात जायचं, तिथे कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यायची आणि दोन आठवडे नुसतं भटकायचं.

"आजी, चाकांवरचं घर असतं ते. आत ओटा, आत झोपायचं, आत सगळं."

"सगळं म्हणजे सगळं?"

"हो, तेही."

"मग मी नाही येत," आजी म्हणाली. दुसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता तिने हळूच विचारलं, "खिडक्या किती असतात रे त्याला?"

आजी झाली तयार. आईचं मात्र घोडं अडलेलं. तिथे डॉक्टर किती लांब? भुंगीला रस्त्यात ताप आला तर? डोंगरात गाडी बंद पडली आणि फोन लागलाच नाही तर? पाऊस लागला आणि चौघं त्या डब्यात कोंडली गेली तर?

"तू ना, जायच्या आधीच परत यायची तयारी करतेस," बाबा म्हणायचा.

"मग? कुणीतरी करायला नको?"

ती नाही म्हणत नव्हती. 'बघू' म्हणत होती. पण या घरातल्या 'बघू'मध्ये शिरलेले बेत सहसा बाहेर येत नाहीत, हे बाबाला चांगलं माहीत होतं. गाडीवाल्यांनी रविवारी संध्याकाळपर्यंत गाडी राखून ठेवली होती. त्यानंतर ती दुसऱ्या कुणाची तरी. मोसमातली शेवटची होती म्हणे.

रविवारी सकाळी आई बशी पुसत म्हणाली, "मला ती गाडी दिसतच नाहीये. फोटोत सगळंच ऐसपैस दिसतं. मला आत उभं राहून बघायचंय."

"आता गाडी इथे कुठून आणू मी?"

खण उघडला आणि मला उजेड दिसला.

सोफा भिंतीला गेला, टीपॉय गॅलरीत गेला. बाबा लॅपटॉपवरचं चित्र बघून मापं सांगत होता, आई मोजायची टेप धरत होती आणि मी चर्रर्र करत सुटत होते. खरं सांगू? खिडकीच्या चौकटीला चिकटताना कधी असं वाटलं नव्हतं. तिथे मी फक्त रंग अडवत होते. इथे मी भिंत झाले, ओटा झाले, दार झाले. टेबल झाले, दोन बाकडी झाले, पलंग झाले. गाडी हॉलमधून निघाली, बोळात शिरली आणि थेट बाथरूमच्या दारापर्यंत पोचली.

"एवढी मोठी!" बाबाच हरखला.

"आमची पहिली खोली एवढी नव्हती," आजी म्हणाली. भुंगी या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटली. आणि आई चक्क हसली. "अरे, एवढी असेल तर काय, सहज जमेल."

पण आमची आई म्हणजे साबणाच्या पुडीवरचा मजकूरही शेवटपर्यंत वाचणारी बाई. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि चित्रं पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली. तिचा पाय माझ्यावर होता. एकाएकी तिच्या पायाची बोटं आवळली गेली.

चित्रं दोन होती. एक दिवसाचं, एक रात्रीचं. बाबाने दोन्ही एकापुढे एक जोडली होती.

तिने हरखलेल्या बाबाकडे पाहिलं. सांगितलं तर बेत इथेच बुडणार होता, नाही सांगितलं तर तिकडे जाऊन बुडणार होता.

"अरे, ऐक ना," ती म्हणाली. "ही एवढी लांब गाडी नाहीये. टेबल आणि पलंग एकच आहे. रात्री टेबल खाली बसवायचं, वर गाद्या टाकायच्या, की झाला पलंग."

बाबाने चित्र पाहिलं, मग फरशी पाहिली, मग परत चित्र पाहिलं.

"म्हणजे जेवलो तिथेच झोपायचं?" आजी म्हणाली. "ताटं तरी उचलू देणार आहात ना?"

बाबाने मला ओढून काढायला सुरुवात केली. निम्मी गाडी गोळा होऊन त्याच्या मुठीत गेली. उरली ती हॉलमधल्या सतरंजीएवढी. तिच्यात चौघं उभी राहिली आणि कुणाचं कोपर कुणाच्या पोटात ते कळेना.

"जाऊ दे," बाबा म्हणाला. त्याचा आवाज मी एवढा लहान कधी ऐकला नव्हता. "एवढ्यात नाही जमायचं. तू म्हणत होतीस तेच बरोबर."

मला वाटलं, झालं, चला परत खणात. पण आई म्हणाली, "थांब. आता आखलीच आहे तर राहून बघू. संध्याकाळपर्यंत. जे होईल ते इथेच होऊ दे, स्वतःच्या घरात."

नियम ठरले. मी म्हणजे भिंत. बाहेर जायचं ते दारातूनच आणि गाडी चालू असताना कुणी उतरायचं नाही. ओट्यावर आईने पाव-अंड्याची न्याहारी मांडली.

"सरक ना जरा."

"कुठे सरकू? पुढे भिंत आहे."

आजीने टीव्हीजवळचा चष्मा घ्यायला हात लांब केला, तर भुंगी किंचाळली, "आजी, तू खिडकीतून पडलीस!" आजीने निमूटपणे हात मागे घेतला आणि सगळी सकाळ चष्म्याशिवाय काढली. गाडीत होती ती, चष्मा नव्हता.

मग भुंगीला चेंडू हवा झाला. चेंडू सोफ्याखाली, म्हणजे परदेशात. गाडी चालू होती. भुंगीने आधी ओठ काढले, मग अंग टाकलं आणि भोकाड पसरलं. एरवी अशा वेळी या घरात काय होतं ते मला पाठ आहे. बाबाला नेमका फोन येतो, आजी टीव्हीचा आवाज वाढवते आणि आई भुंगीसमोर एकटी उरते. आज कुणालाच पळता येईना. फोन वाजला, तो गाडीबाहेर. बाबा चुळबुळला आणि खाली बसला. "ए भुंगी, ते बघ, बाहेर मेंढ्या!"

"कुठायत मेंढ्या?" भुंगी रडतारडताच म्हणाली.

"ही काय, बें!" आजी म्हणाली. इतकं हुबेहूब, की भुंगीचं रडणं अर्ध्यावर थांबलं.

जेवणं झाली, टेबलाचा पलंग झाला. भुंगी झोपली, एक पाय भिंतीबाहेर टाकून. तिच्या कडेला आजी लवंडली. बाबा गुडघे पोटाशी घेऊन घोरायला लागला. पंख्याचा आवाज तेवढा उरला.

आई जागी होती. गाडीच्या पुढच्या भागात घरातल्या जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. चालकाची खुर्ची बाबाची. शेजारची आजीची, तिचे गुडघे दुखतात म्हणून. आई मागे, भुंगीजवळ, दोन्ही आठवडे. हे कुणी ठरवलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. आपोआप तसं झालं होतं. आई पूर्वी गाडी चालवायची, चांगली चालवायची. भुंगी तान्ही असताना एकदा मागे रडून रडून निळी पडली, तेव्हा आईने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि किल्ली बाबाच्या हातात दिली. ती किल्ली तिने परत मागितली नाही, त्यानेही परत दिली नाही.

ती हळूच उठली. चालकाच्या खुर्चीत बसली. हातात काहीच नव्हतं, म्हणून ओट्यावरचं ताट घेतलं आणि समोर धरलं. आधी नुसतंच धरलं. मग जरासं वळवलं. तिची टाच माझ्यावर होती. ब्रेक होता तिथे बहुधा. तिकडे रस्त्याच्या उलट्या बाजूने चालवतात, म्हणून ती ओठातल्या ओठात पुटपुटत होती, "वळताना आधी तिकडे बघायचं. तिकडे." मान वळवून मागे भुंगीकडे पाहत होती आणि पुन्हा समोर. वळण येत होतं, उतार येत होता, समोरून ट्रक येत होता. आठवडाभर हेच सगळं तिच्या डोक्यात घोंगावत होतं. आता ते समोर होतं आणि त्याचं काय करायचं हे तिच्या हातात होतं. मी तिची पावलं सकाळपासून झेलत होते, म्हणून सांगते: बोटं सैल झाली होती.

बाबाने डोळे उघडले. पडल्यापडल्या बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "पुढे वळण आहे."

"दिसतंय मला."

"वेग जरा..."

"मागे बसून शिकवू नकोस."

"सूनबाई, हळू घे गं," आजी डोळे मिटूनच म्हणाली. "पोरगी आत्ताच झोपलीये."

आईने खरंच वेग कमी केला.

बाबा उठून शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. "चालवशील तिकडे?"

"निम्मा रस्ता. मागे बसून नुसतं काय काय होईल ते मोजत राहायचं नाहीये मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस का? आणि मला तरी कुठे वाटत होतं की जमेल? अजूनही नाही वाटत. उद्यापासून आपली गाडी घेऊन रोज बाहेर पडते, मग बघू." या 'बघू'चा सूर वेगळा होता. खणात एवढी वर्षं काढल्यावर कळतं ते. "आणि रोज नवं गाव नको. एका जागी दोन रात्री तरी. तुझा तो डोंगरातल्या तळ्याकडे जायचा फाटा सोडून दे."

"तळं?" बाबाचा जीव त्या तळ्यात होता. त्याच्या फोनवरही तेच तळं होतं. "तिथे जायचं म्हणून तर सगळं..."

आईने ताट धरून ठेवलं होतं.

"बरं," बाबा म्हणाला. "सोडलं तळं."

"फार वेळ लावलास रे," आजी मागून म्हणाली.

संध्याकाळ व्हायच्या आत गाडी पक्की झाली. अर्जातल्या चालकांत आईचं नाव तिने स्वतः घातलं. घालण्याआधी हात पुसले. कोरडेच होते तसे.

त्याला आता बरेच दिवस झाले. मला कुणी काढलं नाही. भुंगी माझ्यात खेळते, आजी माझ्या दारातून ये-जा करते. पाहुणे विचारतात, हे काय काढलंय फरशीवर? माझी ओट्याकडची बाजू पार झिजलीय, कोपऱ्यांना केर चिकटलाय. दिसायला मी आता काही खास राहिले नाही, तशी पूर्वीही नव्हते. पण तुम्हाला एक विनंती करते. कुठे दूर जायचं ठरवत असाल तर माझ्यासारखी एखादी आणा, फरशीवर आखा, दोन खुर्च्या पुढे ठेवा आणि पुढे कोण बसणार हे सगळ्यांना विचारा. मागे बसणारीला आधी.

आज सकाळी ते निघाले. विमानतळापर्यंत शेजारच्या काकाही बरोबर गेले, गाडी परत आणायला. आईने दार ओढलं, पुन्हा उघडलं, गॅस बघितला, दार ओढलं. पुन्हा उघडलं, माझ्याकडेही एकदा बघितलं, ओढलं. काळजी का कुठे जाते? मग जिन्यातून आवाज खाली गेले. गाडीची दारं लागली. कोण कुठे बसलंय हे इथून दिसत नाही. गाडी सुरू झाली, आचका खाऊन बंद पडली. खाली कुणीच काही बोललं नाही. पुन्हा सुरू झाली. आणि गेली.