झाकणाला हात लावायचा नाही

मित्रांनो, मी जुना आहे आणि मंद आहे. या दोन्ही गोष्टी मला तोंडावर ऐकवून झाल्या आहेत, त्यामुळे सांगायला आता संकोच वाटत नाही. जुना होणं काही माझ्या हातात नव्हतं आणि मंद असणं ही तर माझी नोकरीच होती. मी एक स्लो कुकर आहे. आत मातीचं जाडजूड, चकचकीत भांडं, बाहेर विजेवर तापणारं पत्र्याचं अंग आणि वर काचेचं झाकण. सकाळी माझ्या पोटात भाज्या घालाव्यात, बटण फिरवावं आणि मला विसरून जावं. संध्याकाळपर्यंत मी सगळं शिजवून ठेवतो. यातला विसरून जाण्याचा भाग माणसांना फार छान जमतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. भांडं भट्टीत भाजलं, त्यावर तपकिरी झिलई चढली, मग ते पत्र्याच्या अंगात बसवलं. मग परीक्षा. माझ्यात साधं पाणी भरून दिवसभर तापवत ठेवलं. मी पास झालो. त्या दिवशी पाण्याला चव आली नाही म्हणून कुणीही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. न्यायाने वागवलं गेल्याची माझ्या आयुष्यातली तेवढी एकच आठवण.

मला ताईने घरी आणलं. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. हात अतिशय नेमका. गाजर चिरते तेसुद्धा एक डोळा मिटून. तिचे तीन जिवलग मित्र. एक बस चालवतो, त्याला सगळे ड्रायव्हर म्हणतात. एक न्हावी, त्याच्या मिशांना तो स्वतःपेक्षा जास्त जपतो. आणि एक पोहायला शिकवणारी, ती घरातही तलावाच्या काठावरून बोलावं तशी बोलते. मोठी सुट्टी आली की चौघं ताईकडे जमायची आणि तळलेलं, भाजलेलं, लोण्यात बुडवलेलं असं सगळं हादडायची.

मग एकदा ड्रायव्हरच्या हृदयाने भर रस्त्यात गाडी बंद पाडली. म्हणजे बस चालू होती, ड्रायव्हर बंद पडला. प्रवाशांनी त्याला दवाखान्यात नेलं, तो वाचला. डॉक्टरीणबाईंनी मीठ तोडायला सांगितलं, लोणी तोडायला सांगितलं, आणि ड्रायव्हरचा चेहरा बघून म्हणाल्या, "मित्र तोडायची गरज नाही."

तेव्हा पलंगाभोवती उभं राहून चौघांनी शपथ घेतली. यापुढे सुट्टीचं जेवण बिनलोण्याचं, बिनसाखरेचं, मीठ नावापुरतं. एकासाठी सगळ्यांनी. ताईने दुसऱ्याच दिवशी मला विकत आणलं. मित्रांनो, मी एका शपथेपोटी घरात आलो. घरातल्या मिक्सरचं असं काही नव्हतं. तो सेलमध्ये आला होता.

सुरुवातीची ती वर्षं! घेवड्याचे दाणे ताई आदल्या दिवशी भिजवायची, सकाळी खळखळून उकळून घ्यायची आणि मग बार्ली, गाजर, लाल भोपळा, टोमॅटो यांच्याबरोबर माझ्यात सोडायची. एखाद्या सुट्टीला कातडी काढलेलं चिकन आणि मशरूम. शेवटी गोड म्हणून दालचिनी घातलेली सफरचंदं, नुसत्या स्वतःच्या रसात. पाहुणे आले की ताई सर्वांना बजावायची, "झाकणाला हात लावायचा नाही हं. एकदा वाफ गेली की गेली. मग पुन्हा सगळं मागे पडतं."

"छे छे!" तिघं एकसुरात म्हणायची.

आता जे सांगतो ते ऐकून तुमचा माणसांवरचा विश्वास उडेल. उडाला तर उडू द्या, माझा तर कधीच उडाला आहे.

पहिला आला न्हावी. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात शिरला, इकडे तिकडे पाहिलं आणि खिशातून मिशीच्या मेणाची डबी काढली. डबीत लोणी होतं. माझं झाकण उचलून त्याने ते बोटाने आत सोडलं. झाकणाची मूठ जरा सैल आहे, ठेवताना खणकन वाजते. तो आवाज दडवायला न्हावी जोरात खोकला.

मग पोहायला शिकवणारी फोन चार्जिंगला लावायला आली आणि पाण्याच्या बाटलीतून घट्ट साय ओतून गेली. तीही खोकली.

तिसरा आला खुद्द ड्रायव्हर, हात धुवायला. मला वाटलं, हा तरी आपला. याच्याचसाठी तर मी या घरात आलो! त्याने शर्टाच्या खिशातून बसच्या तिकिटाची पुडी काढली. पुडीत मीठ. चिमूट, आणखी चिमूट, मग विचार करून पुडीच झटकली. आणि खोकला, तोही हृदयावर हात ठेवून.

आणि ताई? तिने तर सकाळीच, घरात कुणीही नसताना, दोन डाव साखर घातली होती. भोपळ्याची चव खुलावी म्हणून. एकटी होती तरी खोकली. एवढी प्रामाणिक बाई.

प्रत्येकाला वाटायचं, बाकीचे तिघे शपथ पाळतात, आपण एकटेच पापी. एवढ्याशाने काय होतं? आणि ताईला मनापासून काळजी वाटायची की आपल्या मित्रांना दर सुट्टीला खोकला कसा होतो. ती सगळ्यांना गरम पाणी द्यायची. ते निमूट प्यायचे.

जेवताना मात्र काय कौतुक!

"बघा, बिनलोण्याचं असूनही किती मऊ लागतंय!" लोणी घालणारा म्हणायचा.

"साय नाही, काही नाही, तरी दाटपणा बघ!" हे कुणी म्हटलं ते सांगायला नको.

"मला तर आता मिठाची आठवणसुद्धा येत नाही," ड्रायव्हर बोटं चाटत म्हणायचा. "सगळी किमया या भांड्याची."

मी ओट्यावर बसून ऐकायचो. खोटं कौतुक खरं नसतं हे मला कळत होतं, पण ऊब मिळते हो त्याने. मी तर जन्माचा उबेवरच जगणारा. गप्प बसलो.

अशी बरीच वर्षं गेली. मग ड्रायव्हर दुसऱ्यांदा दवाखान्यात गेला. परत आल्यावर तो ताईच्या स्वयंपाकघरात बसून तिला सगळं सांगत होता, ते माझ्या कानावर पडलं.

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मीठ किती खाता? मी म्हटलं, छे, सोडलंय! लोणी? म्हटलं, आमच्या मित्रमंडळींत कुणी शिवत नाही. तुम्ही तिघं पलंगापाशी उभेच होतात की. सगळे छताकडे का बघत होतात गं?"

"छताला ओल आली होती," ताई म्हणाली आणि माझं स्वच्छ झाकण पुन्हा पुसायला लागली.

यापुढे त्याला बस चालवणं सोडावं लागेल की काय अशी भीती होती. तिसऱ्यांदा झालं तर वेळ मिळणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. आणि मित्रांनो, प्रत्येकाला मनातून खात्री होती की हे आपल्या चमच्याने झालं.

पुढची सुट्टी आली. सकाळी ताईने साखरेचा डबा उघडला, माझ्याकडे पाहिलं, डबा बंद केला. खोकली नाही. दुपारी न्हावी आला, खिशात हात घातला, तसाच उभा राहिला आणि नुसतं पाणी पिऊन गेला. पोहायला शिकवणारी बाटली बेसिनमध्ये रिकामी करून गेली. ड्रायव्हर आला. त्याने पुडी काढली, उघडली, माझ्या काचेत स्वतःचा चेहरा पाहिला आणि पुडी परत खिशात ठेवली.

त्या दिवशी माझं झाकण सकाळपासून एकदाही उघडलं नाही. एकदाही! वाफ वर जात होती, काचेला लागून थेंब होऊन परत खाली येत होती. दाणा न दाणा अख्खा राहून आतून लोण्यासारखा झाला, आणि तोही लोण्याशिवाय. भोपळा स्वतःच्याच गोडीने गोड झाला. माझ्यावर सोपवलेलं काम मी पहिल्यांदाच पूर्ण केलं होतं. मी एवढा खूश होतो की माझा दिवा बंद झाल्यावरही मी बराच वेळ गरम होतो.

ताईने वाढलं. सगळ्यांनी घास घेतला.

चमचे ताटातच फिरत राहिले.

"छान आहे," न्हावी म्हणाला, आणि मिशी पुसत राहिला. तिला काहीच लागलेलं नव्हतं.

"आहे छान. पण..." पोहायला शिकवणारी तलावाच्या आवाजात म्हणाली, "काहीतरी कमी आहे का?"

काय कमी आहे हे चौघांनाही तोंडपाठ होतं. प्रत्येकाला आपल्यापुरतं.

"मी तर नेहमीसारखंच केलंय," ताई म्हणाली.

"मग भांडंच गेलं असेल," न्हावी म्हणाला. हे सुचताच त्याचा चेहरा एकदम उजळला. "जुनं झालं ना! आच लागत नसेल नीट."

"हो हो, भांडंच!" ताई म्हणाली.

"माझ्या आत्याकडचंही असंच गेलं होतं. आधी चव जाते, मग एक दिवस वायर जळते," पोहायला शिकवणारी म्हणाली.

मी आशेने ड्रायव्हरकडे पाहिलं. दवाखान्यातून आलेला माणूस. जुन्या हृदयाला काय वाटतं हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

"वय झालं की होतं असं," ड्रायव्हर म्हणाला. "नवीन घेऊन टाक."

असा माझा निकाल लागला. आरोपी चार, साक्षीदार मी, आणि शिक्षा साक्षीदाराला.

नवीन कुकर आला. त्याला काचेचा पडदा, त्यावर आकडे, आणि काम झालं की पक्ष्यासारखी शीळ. पहिल्या सुट्टीला त्याचंही जेवण अळणीच झालं असणार, कारण मी तेव्हा माळ्यावर होतो आणि खालून कौतुकाचा एक शब्दही ऐकू आला नाही. पुढच्या सुट्टीला मात्र स्वयंपाकघरातून खोकला ऐकू आला. मग दुसरा. मग तिसरा. आणि मग, "वा! नवीन भांड्याची चवच वेगळी!"

मी माळ्यावर होतो, बाजूला फुटकी बादली होती. तिच्यापाशी मन मोकळं केलं. तिच्यात काही टिकत नाही, तेवढंच बरं.

शेवटी ताईने मला दुकानात नेलं. प्लास्टिकची फ्रेम गरम वाळूत खुपसली की मऊ पडते आणि मग गिऱ्हाइकाच्या कानाप्रमाणे वाकवता येते. तर आता माझ्यात वाळू असते. मी ती रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत मंद आचेवर शिजवतो. ती शिजत नाही. पण निदान बेचव म्हणून तिची तक्रार नाही.

परवा ड्रायव्हर दुकानात आला. चष्म्यावर बसला होता, फ्रेम वाकडी झाली होती.

"वाट बघ जरा, आतून पकड आणते," असं म्हणून ताई आत गेली.

ड्रायव्हर काउंटरपाशी उभा. त्याला चष्म्याशिवाय धड दिसत नव्हतं. हाताशी मी. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, माझं झाकण उचललं, शर्टाच्या खिशातून तिकिटाची पुडी काढली आणि वाळूत चिमूटभर मीठ घातलं. झाकण खणकन ठेवलं. आणि खोकला.

ताई दारात उभी होती.

"काय घातलंस रे?"

"मीठ," तो म्हणाला. इतका गोंधळला होता की खरंच बोलला.

"वाळूत?"

"हात आपोआप गेला गं."

ताई हसायला लागली. मग हसता हसता थांबली. "आपोआप? म्हणजे दर सुट्टीला तू... तू खोकायचास, तेव्हा?"

"आणि तू?" ड्रायव्हर म्हणाला. "तुला नाही कधी खोकला झाला?"

ताईने पकड उगाच उघडली, मिटली. "साखर," ती म्हणाली. "अजूनही."

दोघं माझ्याकडे वळली. मला वाटलं, उगवला न्यायाचा दिवस!

"म्हणजे याचं काही बिघडलंच नव्हतं," ड्रायव्हर म्हणाला. "खरं सांगू? यातलं ते शेवटचं जेवलो ना, त्या रात्री छाती अशी हलकी होती. पण सगळे बेचव म्हणाले, म्हणून मीही म्हटलं."

"मग सांगू या का त्या दोघांना?"

"नको गं. बिचारे इतक्या निष्ठेने आपल्यासाठी अळणी खातात. त्यांचं मन मोडेल."

माझ्या वाळूला कढ आला असता, येणं शक्य असतं तर.

मग ड्रायव्हर हळूच म्हणाला, "एक कर. हेच घेऊन ये या सुट्टीला. माझ्यापुरतं शिजव यात. त्या शेवटच्या वेळेसारखं, झाकण न उघडता. मला अजून बरीच वर्षं बस चालवायचीय."

ताईने झाकण काढलं, वाळू बाजूला सारली आणि माझ्या तळावरून बोट फिरवलं. फ्रेमा खुपसून खुपसून झिलईवर चरे पडले आहेत. आतली माती दिसते.

"आता नाही होणार रे," ती म्हणाली. "यात आता अन्न नाही शिजवता येणार. तुझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवीन मी. त्याच्याशेजारी स्वतः बसेन. पण ती पुडी इथे ठेवून जा."

ड्रायव्हरने पुडी काउंटरवर ठेवली. ताईने त्याची फ्रेम माझ्या वाळूत तापवली आणि सरळ केली. चष्मा चढवून तो माझ्याकडे बघत क्षणभर थांबला, माझ्या झाकणावर दोन बोटं टेकवली आणि गेला.

तर मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. घास बेचव लागला तर आधी आपल्या खिशात बघा, मग भांड्याकडे बोट दाखवा. कुणासाठी शपथ घ्याल तर तिच्यावरचं झाकण उघडून बघू नका, आणि उघडलंच तर निदान खोकू नका, सरळ सांगा. चरे पडायच्या आत सांगा.

माणसांनी म्हणून ठेवलं आहे की खाल्ल्या मिठाला जागावं. ड्रायव्हरचं चिमूटभर मीठ अजून माझ्या वाळूत आहे. ते त्याच्या पोटात गेलं नाही, माझ्या पोटात राहिलं. मी त्याला जागतो आहे. मंद आचेवर.