हातपिशवीतून आलेली लेन्स

मित्रांनो, सायगॉनकडच्या सा देक गावात कालव्याकाठी थ्वाईचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या काचेच्या कपाटात मधल्या फळीवर एक काळी लेन्स दिसते, कडेला खरवडलेली. ती मी. माझी कड पाहून लोकांना वाटते की मी कधीतरी कुणाच्या हातातून पडले असेन. मी कधीच पडले नाही. ती कड कशी खरवडली गेली हे सांगितले, की माझी बहुतेक सगळी गोष्ट सांगून होते.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यातला. तिथे काच घासून घासून इतकी नितळ करतात की बोट लावायची भीती वाटावी. अशा काचा एकामागे एक बसवून माझे शरीर झाले, आणि त्या काचा पुढेमागे सरकवायला पोटात एक इवलीशी मोटर बसवली गेली. ती बसवताना केसभर काहीतरी चुकले. कोणाचे चुकले ते मला ठाऊक नाही. तपासणाऱ्यांच्याही ते नजरेस पडले नाही. असे एखादीच्याच नशिबी येते म्हणतात, ते माझ्या नशिबी आले. म्हणून तर, मित्रांनो, कारखानेवाले प्रत्येक लेन्सबरोबर वॉरंटीचे कार्ड देतात. आमच्याकडून काही चुकले असेल तर आम्ही ते निस्तरू, एवढाच त्याचा अर्थ. पण कुठे निस्तरू, हेही त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. माझ्या कार्डावर लिहिले होते, फक्त जपानमध्ये.

आता थ्वाईबद्दल सांगते. तो लग्नांचे फोटो काढतो आणि म्हाताऱ्या माणसांचेही काढतो. आमच्याकडे माणूस हिंडताफिरता असतानाच त्याचा चांगलासा फोटो काढून ठेवतात. तो माणूस गेला की तोच फोटो घरातल्या पितरांच्या देव्हाऱ्यावर जातो आणि पुढे नातवंडे, पतवंडे त्याच्यापुढे उदबत्ती लावतात. त्यामुळे म्हातारी माणसे या फोटोला लग्नाला निघाल्यासारखी नटून येतात. अशा फोटोंसाठी थ्वाईला माझ्यासारखी लेन्स हवी होती.

ती त्याने आधी कान थो शहरात फुंगच्या दुकानात पाहिली होती. तेव्हाचे बोलणे तो अजून सांगतो, म्हणून मला माहीत आहे.

“फुंगताई, हीच लेन्स जपानात किती स्वस्त मिळते. तुझ्याकडे हिला सोन्याचा मुलामा दिलाय का गं?”

“सोन्याचा नाही, शिक्क्याचा,” फुंग म्हणाली. “माझा शिक्का मारलेलं कार्ड घेऊन जा. उद्या काही झालं तर तू माझ्या दारात येऊन बोंबलायचं आणि मी कंपनीच्या दारात.”

“एकाच कारखान्यातला माल. त्यात बिघडायचं काय?”

“नाही बिघडलं तर तू शहाणा. बिघडलं तर ये माझ्याकडे. चहा पाजेन, दुरुस्ती नाही करून देणार.”

थ्वाई हसला आणि घरी येऊन त्याने जपानला फोन लावला. त्याची धाकटी बहीण न्यान तिकडे जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात कामाला होती. परदेशातल्या आपल्या माणसाने पिशवीत घालून आणलेल्या वस्तूला आमच्याकडे हातपिशवीतला माल म्हणतात. त्यात कोणाला लाज वाटत नाही. उलट ‘हातपिशवीतली आहे हो’ असे लोक मिरवून सांगतात. दुकानाच्या पाट्यांवरसुद्धा ते मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. अशा कितीतरी लेन्स आल्या आणि जन्मभर न कुरकुरता चालल्या, हेही खरे आहे.

न्यानने मला विकत घेतले तेव्हा दुकानातल्या बाईने कार्डावर शिक्का मारला, सही केली आणि दोन्ही हातांनी ते तिच्यापुढे धरले. न्याननेही वाकून ते घेतले. पण खोलीवर आल्यावर तिच्या गावाकडच्याच एका मैत्रिणीने तिला घाबरवले. “नवं कोरं खोकं दिसलं की विमानतळावर कस्टमवाले धरतात. जुनी वाटली पाहिजे, वापरलेली. खोकं, कागद काही ठेवू नकोस.”

न्यानने खोके फाडले. त्याच्याबरोबर कार्डही कचऱ्यात गेले. मग तिने नखे घासायची कानस घेतली आणि माझी कड खरवडायला सुरुवात केली. “थोडंच हं, थोडंच,” ती मला समजावत होती. नव्या वस्तूला हाताने म्हातारपण देताना तिचाही जीव वरखाली होत होता. मला फार वाईट वाटले, पण तिचा राग आला नाही. भावासाठी आणलेली वस्तू भावापर्यंत पोहोचावी, एवढेच तिच्या मनात होते.

लोकरी मोज्यांत गुंडाळलेली मी तेतच्या सणाला, म्हणजे नव्या वर्षाला, सा देकला पोहोचले. मला पाहून सगळ्यात जास्त आनंद झाला तो थ्वाईच्या आईला, लाईआजीला. तिने मला डोळ्यांपुढे धरले.

“अगं न्यान, हिच्यातून तर आपलं घर उलटं दिसतंय.”

“आई, कॅमेऱ्याला लावल्यावर सुलटं होतं ते.”

“मग ठीक. एवढ्या लांबून आणलीस ती घर उलटं करायला नव्हे ना.” मग ती थ्वाईला म्हणाली, “ऐक रे. माझा देव्हाऱ्यावरचा फोटो हिच्यातूनच काढायचा. माझ्या लेकीने आणलेल्या काचेतून.”

थ्वाई लगेच उठला. “चल, आत्ताच काढू.”

“आत्ता? कालच दात उपटलाय, गाल बघ केवढा सुजलाय. तिथं किती वर्षं बसायचंय मला, असं तोंड घेऊन बसू होय? पुढच्या तेतला काढू. तोवर दात बसवते. न्यान येईल, माझे केस विंचरेल, मग काढ.”

सगळे हसले. न्यानची सुट्टी संपली आणि ती गेली.

मित्रांनो, त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. होडीतून उतरणाऱ्या नवऱ्यामुली मी पाहिल्या. फुलांच्या वाफ्यांत गुडघाभर पाण्यात उभे राहून शेवंती तोडणारी माणसे पाहिली. निळ्या रेशमात ताठ बसलेले आजोबा पाहिले, आणि त्यांच्या सुरकुत्या मी अशा टिपल्या की त्यांची म्हातारी म्हणाली, “यांना इतकं नीट मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं.” थ्वाई रोज काम संपल्यावर मऊ फडक्याने मला पुसायचा. माझी कड पुसताना त्याचा अंगठा जरा थांबायचा.

मग पावसाळ्यातल्या एका लग्नात माझ्या पोटातली ती मोटर करकरली आणि अडकली. मला पुढचे दिसेना, मागचे दिसेना. फक्त दोन हातांवरचे तेवढे स्पष्ट दिसे, बाकी सगळे धुके. थ्वाईने कशीबशी जुन्या लेन्सने वेळ मारून नेली आणि दुसऱ्याच दिवशी मला सायगॉनला कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात नेले. तिथला कारागीर फार सौम्य होता.

“दादा, कार्ड?”

“नाही.”

“निदान बिल?”

“बहिणीने जपानात घेतली. वर्षसुद्धा झालं नाही.”

“कार्ड असतं तर तिकडे पाठवून फुकट झाली असती. इथे जपानचं कार्ड असूनही चालत नाही, आणि तुमच्याकडे तर तेही नाही.” त्याने मला उजेडात फिरवले. “शिवाय ही कड. ही पडलेली आहे.”

“पडली नाही, खरवडलीय.”

“कोणी?”

नव्या कोऱ्या लेन्सची कड मुद्दाम खरवडली, हे परक्या माणसाला सांगायचे कसे आणि त्याने तरी त्यावर विश्वास का ठेवावा? पैसे भरून दुरुस्ती होईल, पण सुटा भाग जपानहून मागवावा लागेल आणि वेळ लागेल, असे कारागिराने सांगितले. थ्वाई मला घेऊन परत आला. बहिणीकडून काही जमते का, ते आधी पाहावे असे त्याने ठरवले.

न्यान त्या दुकानात गेली. त्यांनी कार्ड मागितले. मग बहीणभावांचे फोनवर वाजले.

“तुला खरवडायला कोणी सांगितलं होतं?”

“आणि दादा, स्वस्तात हवी कोणाला होती? फुंगताईचं ऐकायचं होतंस ना.”

त्यानंतर बरेच दिवस दोघे बोलले नाहीत. दोघांचेही चुकले होते आणि दोघांनाही ते कळत होते, म्हणूनच बोलणे जास्त अवघड झाले. मला तेव्हा पहिल्यांदा माझीच चीड आली. माझ्यातल्या केसभर चुकीमुळे एका घरात अबोला आला होता.

एके दुपारी थ्वाई मला कॅमेऱ्याला लावून बसला होता. किती अंतरावरचे दिसते ते तो उगाचच पाहत होता. लाईआजी चहा घेऊन आली.

“अजून रुसलीय का ही?”

“दोन हातांवरचंच दिसतंय तिला. आई, तुझा फोटो मी जुन्या लेन्सने काढतो. दात तर आता बसला तुझा.”

“जुन्या लेन्सने नको. पोरीने तिकडून जपून आणली ती काय कपाटात ठेवायला?” तिने चहा खाली ठेवला आणि कॅमेऱ्यासमोर एक पाऊल पुढे आली. “दिसतेय का आता?”

“नाही.”

“आता?” ती आणखी पुढे सरकली. “अजून पुढे येऊ? मग तुझ्या मांडीवरच बसते.”

ती हसली. नवा बसवलेला दात त्या दिवशी तिने काढून ठेवला होता आणि ती फट उघडी पडली. तेवढ्यात धुक्यातून तिचा चेहरा माझ्यापुढे आला. पापणीचा केस न् केस मला दिसला. थ्वाईने बटण दाबले. चेहरा चौकटीत मावला नव्हता, कपाळ वर कापले गेले होते आणि हनुवटी खाली.

“हा नव्हे हं देव्हाऱ्यावरचा,” आजी म्हणाली. “तो तेतला. आता भांडण पुरे आणि हिला दुरुस्तीला टाक.”

थ्वाईने मला पुन्हा सायगॉनला नेले. मी तिथे एका खणात सुट्या भागाची वाट पाहत पडून राहिले. तेत जवळ येत होता. खणात मला काही दिसत नव्हते, पण मी मनात त्या फोटोची तयारी करत होते. उजेड कुठून यावा, केस कसे दिसावेत, सगळे मी ठरवून ठेवले होते.

मित्रांनो, मी त्या खणात असतानाच लाईआजी गेली. सकाळी भात चुलीवर ठेवून ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. न्यान मिळेल त्या विमानाने आली. आईचे केस विंचरायला ती तेतला येणार होती. ते तिने अंत्ययात्रेच्या सकाळी विंचरले.

फोटो मात्र नव्हता. घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो हसरा फोटो पाहिला आणि मान हलवली. कपाळ कापलेला, दाताची फट दिसणारा फोटो देव्हाऱ्यावर कसा ठेवायचा? शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला. दुसऱ्यांचे आईबाप ज्याने इतके सुंदर टिपले, त्याला स्वतःच्या आईसाठी सरकारी कचेरीतला फोटो चिकटवावा लागला.

मी परत आले ती अगदी ठणठणीत होऊन. थ्वाईने मला कॅमेऱ्याला लावले आणि देव्हाऱ्याकडे वळवले. मोटर अलगद फिरली, जरासुद्धा करकरली नाही. समोर लाईआजी होती. केस चापून बसवलेले, डोळे भेदरलेले, रांगेत नंबर यायची वाट पाहणारे. मला सगळे इतके स्पष्ट दिसले की फोटोच्या कोपऱ्यावर उमटलेला शिक्क्याचा अर्धा गोलही दिसला. थ्वाईने बटण दाबले नाही. त्याने मला काढले आणि कपाटात ठेवले.

काही महिन्यांनी तो फुंगकडे गेला. तिने चहा पाजला, पण टोमणा मारला नाही. तिच्याकडून त्याने शिक्क्याचे कार्ड असलेली दुसरी लेन्स घेतली. तीही एकदा बिघडली. फुंगने ती नेली आणि काही दिवसांत दुरुस्त करून आणून दिली. त्या दिवशी मला त्या लेन्सचा हेवा वाटला, हे मी लपवत नाही. आता कामावर तीच जाते. मी अधूनमधून बाहेर निघते. कोणी म्हातारे माणूस ‘पुढच्या वर्षी काढू’ म्हणाले, की थ्वाई त्याला खुर्चीवर बसवतो. “आजच काढू या, आजोबा. दात नसला तरी चालेल.”

मित्रांनो, तुम्हीही उद्या वस्तू घ्याल. जवळच्या दुकानातून घ्याल किंवा दूरदेशीहून मागवाल, तुमची सोय तुम्ही पाहा. पण घेण्याआधी एवढे नक्की विचारा, की ही बिघडली तर माझ्यासाठी कोण धावेल, आणि कुठे. कार्ड मिळाले तर ते जपा. मायेपोटीसुद्धा ते फेकू नका.

न्यान आता दर तेतला येते. आधी देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावते, मग माझ्याकडे येते. तो हसरा फोटो ती जपानला घेऊन गेली आहे आणि येताना हातपिशवीतूनच परत आणते. ती मला कपाटातून काढते, खरवडलेल्या कडेवरून अंगठा फिरवते आणि थ्वाईच्या हाती देते. थ्वाई मला कॅमेऱ्याला लावतो. मग न्यान तो फोटो माझ्यासमोर धरते, बरोबर दोन हातांवर.

“दिसतेय का आता?” ती विचारते.

“दिसतेय,” थ्वाई म्हणतो.