दुसरा दिवा

बाटली तिरपी केली की आतला पांढरा लगदा आळसावल्यासारखा एका बाजूला सरकत होता, आणि खांद्यावर पेंगणाऱ्या बाळाची लाळ तिच्या मानेवरून तशीच सावकाश खाली उतरत होती. तिचं लक्ष दोन्हींकडे होतं आणि कशाकडेच नव्हतं. काउंटरवर आणखी दोन बाटल्या होत्या. यातली कुठली घ्यायची, एवढाच तर प्रश्न.

"नुसतं पॉलिश नेलंत तर चार दिवसांची चमक, ताई," दुकानदार म्हणाला. "ही न्या. आधी ओल्या सँडपेपरने घासायचं. गाडीचा दिवा आधी अजून पांढरा पडेल, तेव्हा घाबरायचं नाही. मग पॉलिश, आणि वरून हा थर. तो ऊन अडवतो. गाडी उन्हात असते ना?"

"आता असते."

"आणि आधी?"

"आधी... शेडमध्ये असायची."

"मग बरोबर! ऊनच खातं हो हे प्लास्टिक. शेडमध्ये राहिली असती तर दिव्यांना काही झालं नसतं." तो पिशवी शोधायला खाली वाकला.

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. उगाचच.

शेडमध्ये राहिली असती तर... पण शेडमध्ये आता दीर राहत होता. त्याला जिना चढवेना, म्हणून गाडी बाहेर भिंतीकडेला काढली, तिथे त्याची खाट टाकली, दाराला पडदा लावला. अपघातात त्याचा पाय गेल्यानंतर. म्हणजे आधी पाय, मग शेड, मग ऊन, मग हा पिवळा धूर — आणि घरात सगळे सांगत आले ते नेमकं उलटं. तिन्हीसांजेची वेळ, दिव्यांवर धूर धरलेला, वळणावर समोरून चालत येणारा धाकटा भाऊ दिसलाच नाही, गाडी त्याच्या अंगावर गेली. नवऱ्याने हे पहिल्यांदा सांगितलं ते इस्पितळाच्या बाकावर, सासूबाईंचा हात धरून. मग सासूबाईंनी नातेवाइकांना सांगितलं, नातेवाइकांनी एकमेकांना, आणि तिने... तिने तर येईल त्याला सांगितलं, आवाज न कापता, जणू ती शेजारच्या सीटवरच होती. तेव्हा कोणी गाडीकडे जाऊन पाहिलंच नाही. पाहण्यासारखं झालं, तोवर दिवे खरोखरच धुरकटले होते.

आणि तिला तर आठवत होतं. अपघाताच्या थोडेच दिवस आधी, सातवा महिना होता, शेडच्या दारात नवरा उकिडवा बसला होता आणि तिला दिव्यासमोर ओढत होता. "ये ना, बघ तरी, केवढी दिसतेस!" दिव्याच्या गोलाईत तिचं पोट एवढं थोरलं की वर टिकलीएवढं डोकं. हसून हसून तिला खाली बसवेना, उठवेना. आरशासारखे होते गं दिवे. कसं विसरले मी?

"देऊ ना हीच?" दुकानदार म्हणाला.

ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? परवा दिराच्या कृत्रिम पायाचं माप द्यायला दूरच्या गावी जायचं, पहाटे अंधारातच निघायचं, आणि गाडी तीच चालवणार. नवऱ्याने तेव्हापासून चावीला हात लावलेला नव्हता. "वहिनी, गाडीला मोतीबिंदू झालाय," दीर सकाळीच म्हणाला होता, "माझा पाय येईपर्यंत तिचे डोळे तरी करून घे."

दुपारी तिने दिव्याभोवती रंगावर चिकटपट्टी लावली आणि घासायला बसली. बाळ शेडच्या दारात, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या काकाच्या मांडीवर — जिथे मांडी पुरी होती त्या बाजूला. दिवा आधी पांढराफटक पडला, दुकानदार म्हणाला होता तसाच. पांढरं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. हा असाच राहिला तर? क्षणभर तिला मनापासून वाटलं, असाच राहू दे. मग पॉलिशचा बोळा फिरत गेला आणि खालून हळूहळू वर यावं तसं तिचं स्वतःचं तोंड आलं, ओढलेलं, कपाळाला बट चिकटलेली.

फाटक वाजलं. नवरा कामावरून आला होता, पायीच. तिच्या मागे येऊन उभा राहिला. तिला वाटलं, आता बोलेल. आज बोलेल.

"एकच केलास?"

"हाताला रग लागली. दुसरा उद्या करते."

तो वाकला. स्वच्छ दिव्यावर बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"दुसरा राहू दे," तो म्हणाला. अगदी हळू. विनवणीच ती.

"ए दादा," शेडमधून दिराचा आवाज आला, नेहमीसारखा चेष्टेचा, "आता दिसतो का रे मी?"

बाळ खिदळलं. दुसरं कोणी हसलं नाही. नवरा तसाच वाकलेला, पाठीवर घामाचा मोठा ओला डाग. दीर बाळाच्या टाळूकडे बघत होता, एकटक, आणि त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा कुठेच नव्हती. याला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे... म्हणजे रोज ताट घेऊन ती शेडमध्ये जायची, तो "आज काय बेत, वहिनी?" म्हणायचा, तेव्हाही — आणि ती दारात आलेल्या पाहुण्यांना दिव्यांचं सांगायची, पडद्यापासून हातभर अंतरावर, तेव्हाही तो आत ऐकत पडलेला असायचा.

तिला नवऱ्याला विचारायचं होतं, मग तू बघत कुठे होतास? शब्द तोंडात तयार होते. पण विचारून तो सांगेल, आणि मग ते घेऊन जायचं कुठल्या खोलीत? उद्यापासून दार वाजलं की ती काय सांगणार? बोळा तिच्या मुठीत आवळला जात होता. दुसरा दिवा पिवळा, आंधळा, तिच्या गुडघ्याशी होता. त्याच्यावर हात ठेवला तर तो उन्हाने अजून कोमट होता, बाळाच्या कपाळासारखा... आणि तिने हात तिथेच ठेवला, झाकावं तसा.