चांदणीचा खुराक

जत्रेला चार दिवस उरले होते आणि चांदणी पाय उचलत नव्हती.

चांदणी ही चाकणच्या धर्माजीची लाल घोडी. त्या भागात बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांपुढे घोडी पळते आणि तिच्यामागे बैल जीव तोडून धावतात. १९५४ साली पहिल्यांदाच हा मान धर्माजीच्या घोडीला मिळाला होता.

सकाळी त्याची दहा वर्षांची शकू खरारा करायला गेली. घोडी पुढचे दोन्ही पाय ताणून, मागच्या पायांवर भार देऊन उभी होती. शकूने खुराला हात लावला.

"बाबा, खूर तापलाय. उन्हातल्या दगडावानी."

"अगं, अंग बघ की तिचं! तोंड दिसंल त्यात. आजारी जनावर असं चमकतं व्हय?"

असं म्हणाला खरा, पण न्याहारी न करताच तो बिरू नालबंदाला घेऊन आला.

बिरूने खुराच्या वरची नाडी चाचपली. "ठणाठणा उडतीया. खायला काय घालतोस?"

धर्माजीने दाराकडे नजर टाकली. शर्यतीच्या घोडीचा खुराक तोंडाने सांगितला की नजर लागते, असं सगळेच मानत. त्यामुळे घरातल्या घरातही कुणी बोललं नव्हतं.

"मी नजर लावायला आलोय व्हय रं? माझं पोट हिच्या नालांवर हाय!"

"पहाटे दोन शेर हरभरा," धर्माजी पुटपुटला. "वर मूठभर शिजवलेलं जवस."

त्याची बायको कुशाबाई दारातून म्हणाली, "दुपारी मीबी दोन शेर घालते. गूळ टाकून. मला वाटलं, तुमी नुसतं जवसच देताय."

"आन् सांजचं मी," शकू डोळे पुसत म्हणाली. "भिजवलेला हरभरा."

बिरू शकूजवळ उकिडवा बसला. "रडू नगंस. हे बघ, चमक जवसाची. त्यातलं तेल केसावर दिसतं. पण हरभरा अति झाला की पोटात आंबतो, आन् त्याची आग खुरात उतरते. खूर बाहेरनं टणक. आतलं मांस सुजलं तर जाणार कुठं? लई सुजलं तर हाड खाली सरकतं. मग घोडी पुन्हा उभी राहत न्हाई."

"हाड सरकतंय का, ते कधी कळंल?" धर्माजीने विचारलं.

"तीन-चार दिसांत. हरभरा, गूळ, जवस, समदं बंद. नुसतं वाळलं गवत. आन् पाय गार चिखलात ठेवा."

विहिरीच्या पाटात चांदणीला उभी केली. धर्माजी मोट हाकून थकला की शकू घागरीने पाणी ओती. दर वेळी कुशाबाई विचारी, "निवला का?" शकू नकारार्थी मान हलवी. तिसऱ्या दिवशी चांदणी चिखलात बसली. तिघांनी रेटा दिला, गोंजारलं, शिव्या दिल्या. बऱ्याच वेळाने ती थरथरत उठली.

जत्रेच्या दिवशी शर्यतीच्या घाटावर ढोल सुरू झाले. बांधावरून जाणारा एकजण ओरडला, "काय धर्माजीराव, एवढी झळकती घोडी चिखलात? भ्यालास का काय?"

धर्माजीने ओंजळीने चिखल उचलून खुरांवर थापला.

दुपारी चांदणीच्या पायावर माशी बसली. घोडीने उजवा पाय उचलून आपटला. चिखल शकूच्या तोंडावर उडाला. तिने तो पुसलाही नाही, खाली वाकून आधी उजवा खूर चाचपला, मग डावा.

"ह्यो गार हाय, बाबा. त्यो अजून कोमट."

धर्माजीने पुन्हा मोटेला बैल जुंपले.