पंक्चरचे तीस डबे

मेल्स्टन गावात टर्की-जेवणाच्या समितीचं अध्यक्षपद मिळवायला दोन गोष्टी लागतात. माणूस जिवंत हवा आणि निवडीच्या बैठकीला गैरहजर हवा. मी दोन्हींत बसलो आणि सव्विसाव्या वर्षी अध्यक्ष झालो. माझ्या आधीचे अध्यक्ष एकवीस वर्षं होते, पण शेवटी त्यांची पहिली अट पूर्ण होईना.

ऑक्टोबरात कापणी उरकली की आमच्याकडे हॉलमध्ये गावजेवण असतं. टर्की, कुस्करलेले बटाटे, कोबीच्या पानातले रोल, भोपळ्याचं सारण भरलेला गोड 'पाय'. पहिली पंगत साडेचारला, दुसरी सहाला. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या सगळ्या गावांत असतं तसंच. फक्त आमच्याकडे एक जास्तीची रीत होती. दुसऱ्या पंगतीला ग्रेव्ही खासदाराने वाढायची. निळ्या इनॅमलची मोठी किटली त्याच्या हातात द्यायची आणि त्याने टेबलाटेबलावर फिरायचं. यामागे आमच्या पूर्वजांचा खोल विचार होता. हातात गरम ग्रेव्ही असलेला पुढारी पळू शकत नाही. बटाट्यावर ग्रेव्ही पडेपर्यंत लोक त्याला आपलं म्हणणं सांगून घेत. कुणाची पेन्शन अडकलेली, कुणाच्या शेतात पाणी शिरलेलं, कुणाच्या पासपोर्टवर मेहुण्याचा फोटो आलेला. पोट भरेपर्यंत अर्ध्या गावाची कामं मार्गी लागायची.

एल्डन ब्रँडवोल्ड आमचा खासदार झाला १९८८ साली. त्याआधी तो गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. एका श्वासात चाळीस बैल विकणारा माणूस. राजधानीत, ओटावाला, त्याने पहिलं भाषण केलं तेव्हा फ्रेंच दुभाष्याने म्हणे हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. पण माणूस कामाचा. नऊ निवडणुका जिंकला. पक्ष फुटला, जुळला, पक्षाने नाव बदललं. एल्डनने टोपीसुद्धा बदलली नाही. आमच्या पोस्ट ऑफिसची फीत त्याने कापली, दहा वर्षांनी नव्या रंगाची फीतही कापली, आणि पोस्ट बंद झालं तेव्हा कापायला काही नव्हतं तरी येऊन उभा राहिला. शाळा गेली, धान्याचं उंच कोठार पाडलं, दुकान गेलं. एल्डन तेवढा राहिला. काही सांगितलं की खिशातली वही काढायचा, लिहायचा आणि म्हणायचा, "सोमवारी बघतो." आणि सोमवारी बघायचाही.

तरी पहिली निवडणूक सोडली तर आमच्या मतपेटीत त्याला दर वेळी अकराच मतं पडायची. ते अकरा जण कोण, हे आजवर कुणी कबूल केलेलं नाही.

कारण १९८९ चं जेवण. त्या वर्षी आमच्या गावावरून जाणारी आगगाडी बंद करायचं घाटत होतं. ही गाडी शेजारच्या ब्रॅनवेलसारख्या चार गावांचं धान्य न्यायची. दुसऱ्या पंगतीला बसलेल्या नव्वद माणसांनी एल्डनला सांगायचं एकच ठरवलं होतं: गाडी वाचव. सिग लुंडीनने तर ते कागदावर लिहून पाठ केलं होतं. किटली भरली. सहा वाजले. साडेसहा वाजले. ग्रेव्हीवर साय आली. लोक बटाटे कोरडे ठेवून बसून राहिले. आठ वाजता हॉलमधला फोन वाजला. एल्डन म्हणाला, "गाडी पंक्चर झाली. फार वाईट वाटतंय."

अडचण अशी की हॉलचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या रॅग्नामावशीचा नवरा, धान्याच्या कोठारावर कामाला असलेला आयव्हर, त्याच संध्याकाळी ब्रॅनवेलहून जास्तीची साय घेऊन येत होता. दोन मैलांवर तळ्याच्या कडेला त्याला एल्डनची गाडी उभी दिसली. आत एल्डन, तोंड उघडं, गाढ झोपलेला, आणि गळ्याला ब्रॅनवेलच्या जेवणाचा नॅपकिन. आयव्हरने चाकं मोजली. चार. चारही भरलेली. त्याने पुन्हा मोजली, कारण तो लुथरन पंथाचा होता आणि कुणावर उगाच आळ घेत नसे. मग झोपलेल्या माणसाला उठवू नये म्हणून तो हळूच निघून आला.

वसंतात आगगाडी बंद झाली.

एल्डनला कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे माणसावर रागावलं की त्याच्याशी जास्त चांगलं वागतात. रॅग्नामावशीने किटली धुऊन सर्वांत वरच्या फळीवर ठेवली. १९८९ च्याच नाताळात समितीने एल्डनला भेट पाठवली: पंक्चर काढायच्या सामानाचा डबा. ठिगळं, कानस, डिंकाची नळी. त्याचं आभाराचं पत्र आलं. पुढच्या वर्षी पुन्हा डबा. पुन्हा पत्र. तो त्यानंतर जेवायला येत राहिला, पण पहिल्या पंगतीला, आणि ग्रेव्ही आता वाडग्यातून टेबलावर ठेवलेली असे. किटलीबद्दल त्याने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. डबे गेली तीस वर्षं जात होते. मी जन्मलो तेव्हा चार गेले होते.

२०१९ मध्ये एल्डन निवडणुकीला उभा राहिला नाही. ऑक्टोबरात त्याचं मला पत्र आलं. बोलताना वाक्य संपवायला त्याला वेळ नसे, पण हे पत्र दोनच ओळींचं होतं. 'या वर्षी दुसऱ्या पंगतीला यावं म्हणतो. एकदा किटली हातात मिळेल का?'

मी पत्र घेऊन रॅग्नामावशीकडे गेलो. ती शहाऐंशीची, एका बैठकीत भोपळ्याच्या तीस 'पाय'च्या पाऱ्या लाटणारी. तिने पत्र चष्म्यासकट आणि चष्म्याविना वाचलं.

"खरं बोलला तर देईन."

"म्हणजे मी त्यांना सुचवू का, की..."

"तू काही सुचवायचं नाहीस. सुचवलेलं खरं बोलणं मला नको. ते ओटावाला खूप मिळतं त्याला."

"आणि नाही बोलले तर?"

"तर टर्की खाऊन घरी जाईल. चांगली आहे यंदा."

जेवणाच्या रविवारी एल्डन सहाला पाच कमी असताना आला. बहात्तर वर्षांचा, तीच टोपी, बूट पुसलेले. दारात मला म्हणाला, "अध्यक्षसाहेब, मी आज दुपारी काहीच खाल्लेलं नाही बरं का." त्याला बाजूला घेऊन सुचवायला माझा हात अगदी त्याच्या खांद्यापर्यंत गेला होता. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून मावशी बघत होती. मी हात तसाच पुढे नेऊन कोट ठेवायची खुंटी दाखवली.

प्रार्थना झाली. मी एल्डनला दोन शब्द बोलायची विनंती केली. त्याने लिलावाच्या वेगात सुरुवात केली: रस्ते, धरण, कालवे, दवाखाना, तीन पंतप्रधानांबरोबर खाल्लेली थंड सँडविचं. लोक हसले. मग तो म्हणाला, "आता एकोणनव्वदचं जेवण. तुम्हाला आठवत असेल, माझी गाडी..."

हॉलमध्ये इतकी शांतता झाली की कॉफीच्या यंत्रालाही थांबावंसं वाटलं. सिग लुंडीनने काटा खाली ठेवला. एल्डनने सगळीकडे बघितलं. नव्वद जागांपैकी आता एक्केचाळीस भरलेल्या होत्या. आयव्हरची खुर्ची रिकामी होती. मावशी खिडकीत हात पुसत उभी होती. कोरडेच हात होते.

"गाडीला काही झालं नव्हतं," एल्डन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो सावकाश बोलत होता. "मी त्या दिवशी तीन गावांत जेवलो. ब्रॅनवेलला दोनदा वाढून घेतलं. नाही म्हणता येईना. तळ्यापाशी पोहोचलो तर श्वास घेता येईना. म्हटलं, पाच मिनिटं डोळे मिटू. उठलो तेव्हा पावणेआठ झाले होते. ब्रॅनवेलला परत जाऊन फोन केला आणि खोटं बोललो. वसंतात तुमची गाडी गेली, आणि मला कळलं की तुम्ही मला काय सांगायला बसला होतात."

मग मागून सिग म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं. नॅपकिनसकट."

एल्डनने हात गळ्याशी नेला. "कधीपासून?"

"त्या दिवशी साडेसहापासून."

मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू, जुन्या ट्रॅक्टरसारखं सुरू झालं. "म्हणजे ते डबे..."

"हो," सगळे म्हणाले.

"तीसही?"

"तीसही."

"मला वाटलं प्रेमाने पाठवता! ओटावाला माझ्या ऑफिसात काचेच्या कपाटात मांडून ठेवलेत. परदेशी राजदूतांना दाखवलेत मी ते!"

हसता हसता सिगच्या दाताची कवळी रोलमध्ये पडली. तेवढ्यात मावशी बाहेर आली. हातात किटली होती. वाफ येत होती, म्हणजे तिने ती भरून ठेवलीच होती. ती एल्डनसमोर थांबली.

"मावशी, मी बोललो असतो तरी गाडी बंदच झाली असती," तो हळू म्हणाला.

"ते आम्हाला तेव्हाही माहीत होतं रे. गाडी कुठे मागत होतो? आम्हाला सांगायचं होतं. तू उभा आहेस आणि आम्ही सांगतोय, एवढंच." तिने किटली त्याच्या हातात दिली. "खालून धर. कान ढिला आहे."

एल्डन टेबलाटेबलावर फिरला. ग्रेव्ही टेबलक्लॉथवरही सढळपणे पडली. येत्या महिन्यात खासदार नसणाऱ्या माणसाला काय सांगायचं? मग तो सिगपाशी आला. सिगने कवळी बसवली, घसा खाकरला आणि तीस वर्षांपूर्वी पाठ केलेलं, एक शब्द न चुकता, म्हणून दाखवलं. आमच्या गावची आगगाडी बंद करू नये. कारणं पाच. पाचव्या कारणात आयव्हरचं नाव होतं, आणि कोठाराचं.

एल्डनने किटली खाली ठेवली, वही काढली आणि पाचही कारणं लिहून घेतली.

"सोमवारी बघतो," तो म्हणाला.

मग त्याला ताट वाढलं. त्याने तीनदा घेतलं. मावशी समोर बसून प्रत्येक घास बघत होती.

दहा दिवसांनी समितीच्या नावाने ओटावाहून पत्र आलं. शेवटच्या आठवड्यात त्याच्या ऑफिसने टाइप केलेलं, सही पेनाची: आपल्या गावच्या रेल्वेमार्गाविषयीची तक्रार संबंधित खात्याकडे पाठवण्यात आली आहे. जानेवारीत खात्याचंही आलं: विषय विचाराधीन आहे. रूळ उखडून तिथे गहू लावल्याला एकोणतीस वर्षं झाली आहेत. तरी सिग रोज दुपारी दोनला, आगगाडीच्या जुन्या वेळेला, त्या बाजूला एकदा बघून घेतो, आणि मी विचारलं की म्हणतो, "हवा बघतोय."

त्याआधी, डिसेंबरच्या बैठकीत विषय निघाला, डबा पाठवायचा का? आता त्याला कारण कळलेलं. आता काय अर्थ, असं निम्म्यांचं म्हणणं. पाऊण तास चर्चा झाली, दोनदा मतदान झालं आणि दोन्ही वेळा बरोबरीत सुटलं. शेवटी मी मावशीला विचारलं.

"पाठव की," ती पीठ मळता मळता म्हणाली. "अजून स्वतःच चालवतो ना गाडी. वय झालंय त्याचं."