शांततेला पडलेल्या टाळ्या

"बंद! घोरणं बंद!"

देवळाच्या अंगणात प्लास्टिकच्या स्टुलांवर बसलेली पन्नास-साठ माणसं उठून टाळ्या वाजवू लागली. मधोमध बांबूच्या बाजेवर चिंग-फा उताणा पडला होता. दुपारी ल्याव गुरूने त्याला स्वतःच्या हाताने चिकट भात चारला होता, वर तांदळाची दारू पाजली होती. घटकाभर तो असा घोरला की कौलांवरची कबुतरं उडून गेली. मग गुरूने मंत्र पुटपुटत एक पिवळा कागद त्याच्या छातीवर ठेवला आणि त्याच क्षणी सगळं चिडीचूप.

"पाहिलंत?" ल्याव गुरू गरजला. "रोज छातीवर बसणारं भूत आहे ते! डॉक्टरचं यंत्र काय करतं? नळीतून थंड वारा आत सोडतं, अन् त्या वाऱ्यावर बसून भूत आत शिरतं. भुताला तुम्ही गाडी देता, गाडी! तीही विजेवर चालणारी!"

लोक हसले. थोड्या वेळाने त्याने झांज वाजवली. चिंग-फा हिसका बसल्यासारखा उठला, तोंडाने हवा ओढत.

"निघालं भूत!"

पुन्हा टाळ्या. सगळ्यांत जोरात चिंग-फाची बायको स्यू-चिन वाजवत होती.

चुछी गावात माझं औषधांचं दुकान आहे. डॉक्टरांनी चिंग-फाला झोपताना लावायला यंत्र दिलं होतं; त्याचा मास्क कसा बांधायचा, टाकीत पाणी किती भरायचं, हे मीच शिकवलं. तो डोंगरावरची बस चालवतो. झोपेत त्याचा घसा मिटतो अन् श्वास अडतो, तासाला चाळीस वेळा; दारू प्यायला तर जास्तच. यंत्र हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं, बस्स. पहिला आठवडा तो कुरकुरला, "श्ये ताई, सोंड लावलेला हत्ती दिसतो मी. बायको पाठ फिरवून झोपते." महिन्याभराने मात्र म्हणाला, "वीस वर्षांत पहिल्यांदा सकाळी डोकं हलकं वाटतंय."

त्या टाळ्यांनंतर स्यू-चिनने यंत्र खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. मी घरी जाऊन भांडले.

"ताई, आता सुखाने झोपतात ते. मध्ये मध्ये तर आवाजसुद्धा नसतो."

"अगं, तेव्हा छातीकडे बघितलंस का?"

"गुरू म्हणाले, बघायचं नाही. बघितलं की भूत परत येतं."

बघायचं नाही!

दहाव्या दिवशी चढावर चिंग-फाचा डोळा लागला. बस कठड्याला घासत गेली. कठडा होता म्हणून सत्तावीस माणसं वाचली. एका म्हातारीचा हात मोडला. यावर ल्याव गुरू काय म्हणाला? "कागदाला घाम लागला असेल. पुन्हा विधी करू."

या वेळी मी आदल्या दिवशीच चिंग-फाला गाठलं आणि माझा बेत सांगितला. तो खचला होता. "करा, ताई. खरं काय ते मलाही कळू दे."

अंगण पुन्हा भरलं. चिंग-फा घोरू लागला. गुरू कागद धरून मंत्र लांबवत होता, योग्य वेळेची वाट बघत. वाट मीही बघत होते. घोरणं चढत चढत टिपेला गेलं, आता घसा मिटणार हे ओळखून मी उठले आणि खिशातलं नूडल्सच्या दुकानाचं बिल चिंग-फाच्या छातीवर थापलं.

चिडीचूप.

मागून आ-थू आजोबा बोलले, "तुला कधी आला गं मंत्र?"

"मंत्र कसला, आजोबा, दोन वाट्या नूडल्सचं बिल आहे."

"बाईला बाजूला करा! भूत खवळेल!" गुरू ओरडला.

मी वेदीवरची उदबत्ती उचलून चिंग-फाच्या नाकाखाली धरली. धुराची रेघ सरळ वर चढली. "श्वास चालू असता तर हा धूर हलला असता. पोट बघा, हवेसाठी कसं तडफडतंय! आता सगळ्यांनी नाकं दाबा. तो श्वास घेईल तेव्हाच सोडायची."

नाकं दाबली गेली. वीस आकडे होताहेत तोवर आजोबांनी सोडलं. तिसाला पुढची रांग खोकायला लागली. चिंग-फाचे ओठ निळसर झाले आणि गुरूचा हात झांजेकडे गेला.

"बघा!" मी किंचाळले. "ओठ निळे पडले की झांज! याला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं!"

मी चिंग-फाला कुशीवर वळवलं. घशातून मोठा घर्र आवाज आला अन् श्वास सुरू झाला.

स्यू-चिन गुरूसमोर जाऊन उभी राहिली. "माझ्या नवऱ्याचा जीव गुदमरत होता, आणि तुम्ही मला टाळ्या वाजवायला लावल्या?"

"श्रद्धा कमी पडली की..."

"तोंड बंद!"

गुरू आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. त्यानंतर चुछीत तो दिसला नाही. दुसऱ्या गावात असेल, दुसऱ्या कुणाच्या छातीवर कागद ठेवत.

म्हणून सांगते. तुमच्या घरात कुणी घोरता घोरता गप्प होत असेल, तर ते बरं होणं नव्हे. दिवा लावा, छाती बघा, किती वेळ श्वास अडतो ते मोजा, आणि सकाळी त्याला डॉक्टरकडे न्या. देवाला हात जोडायचे तर जोडा, मी अडवणार नाही. पण त्याआधी माणूस श्वास घेतोय का, ते तपासा.