रतनचा सपाट हात

निमगाव केतकीच्या चावडीसमोर मंगळवारी पोरांना सुया टोचल्या. दवंडीत एवढंच होतं की क्षयावरची लस आली आहे. पहिली सुई लस नसते, अंगात क्षयाचे जंतू आधीच शिरलेत का ते पाहण्यासाठी असते, आणि लस तीन दिवसांनी मिळते, असं लस टोचणाऱ्या पथकातले आप्पासाहेब सांगत होते. पण पोरांच्या रडण्यात ते रांगेच्या मागच्या टोकाला पोचलं नाही.

कुशाबाई मागे होती. तिचा नवरा सावळाराम दोन वर्षांपूर्वी खोकून खोकून गेला. गावात तिने दमा सांगितला होता; खरं कळलं असतं तर तिच्या वांग्यांना बाजारात कुणी हात लावला नसता. आता त्यांची पोर रतन तेवढी उरली होती. तिला ही लस लागायलाच हवी होती.

देवीची लस टोचली की फोड उठतो, नाही उठला तर लस लागली नाही, हे कुशाबाईला ठाऊक होतं. दोन दिवसांत शेजारच्या छबूबाईच्या झुंबरचा हात गांधीलमाशी चावल्यासारखा सुजला. रतनचा सपाटच.

"तुजी पोर तुज्यावानीच," छबूबाई म्हणाली. "सुईला बी दाद देत न्हाय."

फोड उठावा म्हणून त्या रात्री कुशाबाईने बिब्बा दिव्यावर तापवून त्याचं कातडी पोळणारं तेल सुईच्या खुणेवर लावलं. रतन कळवळली. सकाळी हात टम्म फुगला होता.

शुक्रवारी आप्पासाहेबांनी हात पाहिले. झुंबरला त्यांनी बाजूला काढलं, रतनलाही. सपाट हातांच्या पोरांना मात्र दंडावर दुसरी सुई. कुशाबाईला काही समजेना. उठलेले हात घरी आणि न उठलेल्यांना औषध? तिने विचारलं. हिला लसीची गरज नाही, आप्पासाहेब म्हणाले, हात सुजला म्हणजे जंतू आधीच शिरलेत. म्हणजे बरं की वाईट, तिने विचारलं. बहुतेकांना काही होत नाही, ते म्हणाले. पण घरात कुणी खोकत असलं तर पोरीला इंदापूरच्या दवाखान्यात दाखवा.

छबूबाई शेजारीच उभी होती. गप्प राहावं, तर पोर लसीवाचून राहणार.

"मी बिब्बा लावलाय," कुशाबाई म्हणाली. "हात सपाट हुता. आन् हिचा बाप दम्यानं न्हाय, क्षयानं गेला."

छबूबाईने झुंबरला जवळ ओढलं.

बिब्ब्याच्या फोडामुळे आता काही कळणार नव्हतं. आप्पासाहेबांनी रतनच्या दुसऱ्या हातावर पुन्हा पहिलीच सुई टोचली. सोमवारी पथक लासुर्ण्याला असेल, तिथे हात दाखवायचा, आणि हळदसुद्धा लावायची नाही.

त्या आठवड्याच्या बाजारात कुशाबाईची वांगी तशीच परत आली. सोमवारी लासुर्ण्याच्या वाटेवर ती रतनची बाही पुन्हा पुन्हा वर करून पाहत होती. सपाट हवा, हे तिला आता कळलं होतं; तरी बोटं सवयीने सूज शोधत होती. हात सपाटच निघाला. रतनला लस मिळाली.

महिन्याने रतनच्या दंडावर फोड आला. येणार, असं आप्पासाहेबांनी सांगितलंच होतं. छबूबाई कुंपणाशी आली, पण आत आली नाही. हे चांगलं का वाईट, तिने विचारलं. चांगलं, कुशाबाई म्हणाली.

"मंग माज्या झुंबरचा हात कशानं सुजला हुता?"

सावळाराम आजारी असताना झुंबर रोज त्याच्या खाटेवर खेळायला यायचा. कुशाबाई कुंपणापाशी गेली.

"त्याला इंदापूरला दाखवू," ती म्हणाली. "मी बी येती संगं."